पन्नास सूट, सीलबंद

शेडमध्ये सकाळपासून चारशे कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या आणि त्या उचलायला आलेल्या बायका दारातच ताटकळल्या होत्या. “डॉक्टर, अंगात घालायला काहीतरी द्या,” मुकादमबाई म्हणाली. “आणलेत ना! बर्ड फ्लूच्या आराखड्यात पन्नास संरक्षक सूट आहेत,” म्हणत मी खोक्याचं सील तोडलं. कुबट भपकारा नाकात शिरला. सुटांच्या बाह्यांवर वाळलेली विष्ठा, पाठीला चिकटलेली पिसं. मागच्या साथीत वापरलेले सूट घड्या घालून परत भरले होते. “लाज नाही वाटत?” मी खोकं घेऊन आलेल्या भांडारपालावर ओरडलो. “साहेब, वापरले म्हणून लिहिलं असतं, तर आराखडा अपुरा दिसला असता.” त्याने शांतपणे झाकणावरची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ‘सूट तपासले, वापरण्यायोग्य.’ खाली तीन वर्षांच्या तीन सह्या. तिन्ही माझ्याच. “द्या की, डॉक्टर,” मुकादमबाईने दोन्ही उघडे हात पुढे केले.