नदीकडची भिंत

इंद्रायणीने काठ किती खाल्ला ते मोजायला १९४५ साली मोजणीदार मेहबूब मावळात आला. हातात विमानातून काढलेले दोन फोटो, एक नवा आणि एक पंधरा वर्षांपूर्वीचा. अंतर धरायला दोन्हींत न हललेली एक खूण हवी होती, ती मिळाली: म्हाताऱ्या रतनबाईच्या घराची नदीकडची भिंत, चुन्याने पांढरीशुभ्र.

बाकीच्या तिन्ही भिंती मातीच्याच होत्या.

"मावशी, हिलाच तेवढा चुना का?"

"माझा ल्योक हौशीराम पुरात गेला, बाबा. गावलाच न्हाई. पाण्यातनं त्याला घर वळखू यावं म्हून दर दिवाळीला लावते."

मेहबूबने फोटोंवर पट्टी ठेवली आणि आकडे लिहिले.

"मावशी, पंधरा वर्षांत नदी नव्वद फूट अलीकडे आली. आता बेचाळीसच उरलेत. सात वर्षांत पाणी या भिंतीला लागेल. तुम्ही घर हलवा."

रतनबाईने बोटांवर सात मोजले.

 

"आन् आता कसं हलवू, लेकरा? सातच वर्सांत नदी त्याला दारात आणतीया."