दुसरी किल्ली

"दोन दाखवतंय," किल्लीवाली म्हणाली.

ती स्टिअरिंगसमोर बसली होती. मांडीवर वहीएवढं मशीन, त्याची वायर स्टिअरिंगखाली खुपसलेली. ब्रेककाका उघड्या दाराला धरून बाहेर उभे होते. सकाळी गाडी पुसता पुसता त्यांच्या हातातून किल्ली सटकली ती थेट गटाराच्या जाळीत. तासभर तारेचा आकडा घालून बसले, हाती लागला तो चिखल. मग झक मारत हिला फोन केला.

"काय दोन?"

"किल्ल्या. तुमची गाडी दोन किल्ल्या ओळखते. एक गेली गटारात. दुसरी?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "अजून ओळखते म्हणतेस? सहा वर्षं झाली की गं!"

"ती आपणहून थोडीच विसरते? त्यासाठी मला यावं लागतं," ती हसली. "आणा दुसरी, लगेच हातावेगळं करते."

"लेकीकडे आहे."

"मग लेकीला बोलवा."

काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि लख्ख असलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला. किल्लीवालीने तो पुसून होईपर्यंत वाट पाहिली.

"काका, नीट ऐका. चालती किल्ली हाताशी नसली की गाडीच्या डोक्यातलं सगळं पुसून पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्या वेळी जी किल्ली इथं हजर, ती टिकली. जी नाही, ती बाद."

"बाद म्हणजे?"

"दार उघडेल तिने. पण सुरू करायला गेलं की हा लाल दिवा लुकलुकणार, बस्स. इंजिन हूं की चूं करायचं नाही. एका अर्थी बरंच की! बाहेर फिरणारी किल्ली म्हणजे जिवाला घोर. पुसू ना?" तिचा अंगठा बटणावर गेलासुद्धा.

"थांब!"

काका एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली.

सहा वर्षांपूर्वी लेकीशी भांडण झालं त्या दिवशी काका बोलून गेले होते, जायचं तर जा, पण या घरातली एक वस्तू न्यायची नाही. लेकही त्यांचीच. तिने टेबलावर एकेक करून सगळं मांडलं. घराची किल्ली, घड्याळ, छत्रीसुद्धा. गाडीची किल्ली तेवढी मांडली नाही. विसरली असेल, असं जो तो म्हणाला. छत्री न विसरणारी पोर किल्ली विसरेल? छे! काका सहा वर्षं त्या एका किल्लीच्या जिवावर काढत आले होते. गाडी विकून टाका म्हणणाऱ्यांना ते वाटेला लावत. रोज पुसायची, फाटकाकडे तोंड करून लावायची. लेक मानी आहे, आली तरी आपल्याला हाक मारायची नाही. पण गाडीत बसेल, किल्ली फिरवेल. आवाज आला की आपण बाहेर जायचं, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. आणि आता तिथं लाल दिवा लुकलुकणार.

"फोन तरी लावा," किल्लीवालीचा आवाज जरा उतरला. "किल्ली घेऊन ये म्हणा. तिचीही परत शिकवते, त्यात काय!"

"सहा वर्षांनी पहिला फोन, आणि म्हणू काय? किल्ली आण? तिला वाटेल, तेवढी एक राहिली होती, तीही मागायला लागला म्हातारा."

"मग दुसरं काहीतरी म्हणा."

"दुसरं काय म्हणायचं ते सुचलं असतं, तर सहा वर्षं गेली असती का गं?"

किल्लीवालीने वायर उपसली आणि मशीनभोवती गुंडाळली.

"मग गाडी जागेवरच राहणार तुमची."

"राहू दे. मला बस आहे. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. तू नुसती दार उघडणारी करून दे."

"बिनचिपची? अहो, तिने गाडी तसूभर हलायची नाही. काय कामाची ती?"

"आतून पुसायला नको का?"

तिने व्हॅनमध्ये जाऊन कोरी किल्ली कापली, कानशीने कडा घासल्या आणि काकांच्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती. काकांनी दार लावलं, गाडीला वळसा घातला, पलीकडचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

"काका, स्टिअरिंग इकडे आहे!"

"ठाऊक आहे. मी इथंच बसायचो. चालवायची ती."

गल्लीत त्यांचं ब्रेककाका हे नाव पडलं ते तेव्हाच. लेक गाडी शिकत होती, आणि कुत्रं आडवं आलं, वळण आलं, साधी सायकल दिसली तरी शेजारी बसलेले काका समोरची जमीन पायाने करकचून दाबायचे. पोरंटोरं हसायची. लेक चिडायची, म्हणायची, बाबा, तुमच्याकडे ब्रेक नाहीच आहे, मला चालवू द्या. काका काही दाबायचे थांबले नाहीत.

किल्लीवालीची व्हॅन फाटकातून वळून दिसेनाशी झाली. सवयीने काकांचा उजवा पाय पुढं सरकला आणि मधेच थांबला. मग त्यांनी कण्हत, गुडघ्यांना शिव्या देत, दोन्ही पाय वर सीटवर ओढून घेतले.

"ये तू," ते शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाले. "नाही दाबत आता."