पुढे पूल नाही

पेंटरनं लाल फडकं जोरजोरात हलवलं तेव्हा कुठे गाडी थांबली. काच खाली आली. गाडीवाला वैतागला होता. फोन सरळ जा म्हणतोय, मग तुम्ही कोण अडवणारे, असं त्याचं म्हणणं.

“माझ्या मुलालाही सरळच जा म्हणाला होता,” पेंटर म्हणाला.

गाडीवाल्यानं आता कुठे मान वर करून पुढे पाहिलं. वळणापर्यंत रस्ता होता, मग नव्हता. खाली ओढ्यात पुलाचे तुकडे पडले होते. त्यानं गाडी मागे घेतली.

हिवाळ्यातल्या एका धुक्याच्या सकाळी पेंटरचा मुलगा इथूनच गेला. घरोघर पार्सलं पोचवायचं त्याचं काम. मोठा रस्ता लांबचा, म्हणून फोननं ही जवळची वाट दाखवली. पूल आदल्याच आठवड्यात कोसळला होता, पण नकाशावर तो अजून धडधाकट उभा होता. पोर गेलं. फोनच्या काचेला एक चरा पडला, तेवढाच.

तो फोन आता पेंटरच्या शर्टाच्या खिशात असतो. स्वतःचा फोन त्यानं कधी घेतलाच नाही. हाही त्याला उघडता येत नाही, उघडायचा नंबर मुलाबरोबरच गेला. पण रोज सकाळी त्यात गजर होतो, आणि गजर म्हणजे मुलाचाच आवाज: ऊठ लेका, नोकरी जाईल! पेंटर उठतो, चार्जिंगवरून फोन काढतो, खिशात घालतो आणि नोकरीवर निघाल्यासारखा इथे येतो. मुलगी न चुकता त्याचं रिचार्ज करते. बंद करा म्हणायची तिची छाती होत नाही.

आयुष्यभर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्याचं अक्षर बघायला लोक थबकायचे. इथेही दोन्ही काठांवर त्यानं हातभर अक्षरांत रंगवलंय, पुढे पूल नाही. पण बघतो कोण? सगळ्यांचे डोळे फोनमध्ये. आडवी ठेवलेली पिंपंही कुणीतरी पळवली. शेवटी तो स्वतःच उभा राहायला लागला. थोडा वेळ या काठावर, मग ओढ्यात उतरून, दगडांवरून, त्या काठावर. गुडघे कुरकुरतात. कुरकुरू देत. गेल्या आठवड्यात तो अलीकडे असताना पलीकडून एक नर्स स्कूटरसकट खाली गेली. पाय मोडला, पण जीव वाचला. तेव्हापासून पेंटरला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं फेऱ्या वाढवल्या.

मुलगी नकाशावाल्या कंपनीला लिहून लिहून थकली होती. दर वेळी तेच छापील आभार. नर्सचं कळल्यावर तिनं पुन्हा लिहिलं, आणि या वेळी जरा चिडूनच.

आज ती डबा घेऊन आपल्या स्कूटरवरून मोठ्या रस्त्यानं पलीकडच्या काठावर आली. पेंटर नुकताच ओढ्यातून वर चढला होता, धापा टाकत होता. कंपनीचं उत्तर आलंय, ती म्हणाली. पण ते नंतर बघू, आधी जेवून घ्या. तिचा चेहरा काही ठीक दिसेना. पेंटरनं डब्याला हात लावला नाही. वाच म्हणाला.

“‘पहिल्या अपघातानंतर हा रस्ता आम्ही नकाशावर बंद केला होता,’” ती वाचू लागली. “‘त्यानंतर एक फोन रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा करताना आढळला. वाहतूक पुन्हा सुरू झाली असे समजून रस्ता चालू करण्यात आला.’”

असा कोण शहाणा रोज इथून जातो, म्हणून पेंटर रस्त्याकडे बघू लागला. मुलगी मात्र त्याच्या खिशाकडे बघत होती. मग त्याचाही हात तिथे गेला.

तो होता तिथेच खाली बसला. तुमचा काय दोष बाबा, तुम्हाला कसं कळणार, असं मुलगी बोलत राहिली. त्याच्या डोळ्यांपुढून त्या नर्सची स्कूटर हलत नव्हती. त्यानं फोन बाहेर काढला, बाहीनं काच पुसली आणि तिच्या हातात ठेवला. नकाशावरून रस्ता जाईपर्यंत मी इथून हलत नाही म्हणाला. मुलीनं फोन पर्समध्ये टाकला आणि आपली स्कूटर वळवली.

“सावकाश जा,” पेंटर म्हणाला. “ह्याला मोठ्या रस्त्यानं घरी ने.”