पाइनवरचं स्थळ

उल्हासकाकांना मिनेसोटातल्या आपल्या जंगलातली पाइनची झाडं कापून लाकूड मिलला द्यायचं होतं. पण त्यातल्या एका झाडावर गॉसहॉक, म्हणजे आपल्या शिकऱ्याचा थोरला भाऊ, घरटं बांधून बसला होता.

“सध्या सिंगल आहे,” जंगलाचा प्लॅन करणारी इला म्हणाली. “पण काका, जोडी जमली तर आजूबाजूचं एकही झाड कापायचं नाही.”

रविवारी एक मादी आली आणि घरट्याभोवती घिरट्या घालू लागली. ही स्थळाच्या चौकशीला आलीय, हे काकांनी लगेच ओळखलं. शेजारधर्माला जागून ते झाडाखाली गेले आणि मान वर करून म्हणाले, “मुलगा तसा वाईट नाही. पण भयंकर तापट. ह्याच जंगलात दोन घरं अर्धवट बांधून सोडलीत. आणि कुणाचं म्हणून ऐकत नाही.”

मादीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरट्यात जाऊन बसली.

“एवढं स्पष्ट सांगूनसुद्धा?” काका हताश होऊन म्हणाले.

रेखाकाकूंनी थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. “तुमच्या शेजाऱ्यांनीही आम्हाला हेच सांगितलं होतं.”