सहावं बटण

“हात कोणता?” तिसऱ्या रांगेतल्या बाईने विचारलं.

मास्तर अडखळले. कारखान्यात नव्या कामगारांचा हा तास ते चार वर्षं घेत होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“उजवा. चार नंबरची प्रेस. जास्त पीस निघावेत म्हणून त्या कामगाराने हातापुढच्या जाळीचा गार्ड तारेने वर बांधून ठेवला होता. पीस अडकला, काढायला वाकला, पाय पेडलवर पडला. आधी हात गेला, मग तो.”

त्यांनी टेबलावरचा राखाडी स्वेटर उचलला. पाच बटणं तपकिरी. सहावं निळं, लाल दोऱ्याने शिवलेलं.

“उकडत होतं म्हणून हा काढून खुंटीला लावला होता. हे बटण त्याच्या आईने आदल्याच रविवारी शिवलेलं.”

वीसजणांनी आपापले हात पोटाशी घेतले. गोष्ट इथवर आली की दर सोमवारी असंच व्हायचं.

*बोट*

मास्तर नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी दिलेल्या कागदावर एकच ओळ होती. चार नंबरवर एका कामगाराचं निष्काळजीपणामुळे बोट तुटलं, भरपाई घेऊन तो नोकरी सोडून गेला.

मास्तरांनी ती वाचून दाखवली. कामगारांनी जांभया दिल्या. जुनी तुकडी दुसऱ्या कारखान्यात हलवलेली, सगळे नवे. एक बोट म्हणजे काय? उरतात की नऊ. त्या महिन्यात तिघांची बोटं गेली.

*पंजा*

मास्तरांनी बोटाचा पंजा केला. पुढच्या महिन्यात दोघांची गेली.

*माणूस*

मग एका सोमवारी त्यांनी त्याला मारूनच टाकलं.

स्वेटर खोलीतल्या कपाटाच्या तळाशी पडलेला होता, कुणाचा कोण जाणे. आई, रविवार, खुंटी हे बोलता बोलता सुचत गेलं. त्या दिवशी साहेब मागे उभे होते. तास संपल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, साहेब. जरा तिखटमीठ लावलं.”

साहेब स्वेटरकडे बघत राहिले. “बोट पुरे होतं. मरण कशाला?”

पण त्या वर्षी एकाही हाताला खरचटलं नाही. वरून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी विषय पुन्हा काढला नाही. एकदाच म्हणाले, तो स्वेटर फेकून द्या, कळकट दिसतो. मास्तरांनी तो धुऊन आणला.

घरी बायको दर सोमवारी विचारायची, “आज किती वाजता मारलंत?”

“सव्वादहाला.”

“रडलं कुणी?”

“दोघं.”

“अहो, हसताय काय? तो बिचारा कुठेतरी नऊ बोटांनी जेवत असेल, आणि तुम्ही त्याला दर आठवड्याला मारताय.”

“जेवू दे ना. तो मेला म्हणून इथे तीनशे माणसं दहा बोटांनी जेवतात.”

“आणि एक दिवस कुणी उलटून विचारलं तर?”

मास्तर हात पुसत राहिले. “तर गोष्ट संपली. आणि गोष्ट संपली की गार्डला तारा परत आल्याच म्हणून समज.”

*बटण*

तास संपला. सगळे गेले, ती बाई गेली नाही. टेबलाशी येऊन तिने स्वेटर हातात घेतला.

“त्याच्या घरी कुणी कळवलं होतं?”

“कळवलं असेल.”

“काय म्हणून?”

मास्तर टेबलावरचे कागद गोळा करू लागले. बाईचा अंगठा त्या निळ्या बटणावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा. रडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण ते स्वतःच्या हातांसाठी रडायचे. ही तशी रडत नव्हती. एका परक्या बाईच्या डोळ्यांत पाणी आणायचा आपल्याला काय हक्क, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

त्यांनी दार लोटून घेतलं.

“ताई, हे या खोलीबाहेर बोलू नका. बोललात तर उद्यापासून पुन्हा तारा बांधतील, आणि बोटं तुमच्याच शेजारणीची जातील. पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तो माणूस मेला नाही.”

बाईचा अंगठा थांबला.

“मी वाढवून सांगतो. लोक ऐकतात म्हणून. त्याचं एक बोट गेलं, एवढंच खरं. भरपाई घेऊन तो निघून गेला. मजेत असेल कुठेतरी. स्वेटर या कपाटात पडलेला होता. ते खुंटीचं, ते आईचं, सगळं माझ्या मनचं.”

खूप दिवसांनी खरं बोलल्यामुळे मास्तरांना हलकं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही.

“बोट गेलं, पैसे घेऊन निघून गेला,” ती सावकाश म्हणाली. “सहा वर्षांपूर्वी कारखान्याचं पत्र आलं, त्यात हेच होतं. दादा घरी आलाच नाही. आई अजून दाराला कडी लावू देत नाही.”

तिने स्वेटरची घडी घातली, बाह्या आत घेऊन, लहान मुलाच्या कपड्यांची घालतात तशी.

“तुमचं एकच चुकलं, मास्तर. बटण आईने नाही शिवलं. मी शिवलं होतं.”