बहिरी चकती

काल याच यंत्रातून बाळाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे ऐकू आले होते. आज पोटावर कुठंही टेकवा, चिडीचूप. “अरे, बोल ना!” बायको पोटातल्या बाळाला कुजबुजली. मग त्याला आठवलं. यंत्रातली ठोके टिपणारी ऑक्साइडची सैल झालेली चकती त्यानं सकाळी प्रयोगशाळेत पुन्हा चिकटवली आणि घाईघाईत भट्टीत सुकवली होती. अति तापलं की तिच्यातले एकाच बाजूला कललेले अणू थरथरत रांग मोडतात. गार झाल्यावरही ती रांग जुळत नाही. चकती बहिरी होते. हे तोच विद्यार्थ्यांना बजावायचा! त्यानं यंत्र स्वतःच्या मनगटावर धरलं. तिथंही शांतता. “माझीही नाडी लागत नाही!” तो हसत सुटला. ती हसली नाही. “मग बाळाचं काय?” यंत्र पोटावरच ठेवून तो दवाखान्यात जायला गाडीची किल्ली शोधू लागला. मागे यंत्र फरशीवर आपटलं. “मी नाही ढकललं,” ती पोटाकडे बघत म्हणाली.