बाजूचा दिवा

"हा तांब्या आपला नव्हे, यंत्रातून निघालेला दिसतोय," लॅपटॉपवरचा फोटो बघून अण्णा म्हणाले.

केतकी हिरमुसली. चकचकीत तांब्यात स्वतःचंच तोंड उमटू नये म्हणून फोटोग्राफीच्या क्लासात शिकवल्याप्रमाणे तिने समोरच्या दिव्याला पांढरं कापड लावलं होतं; सकाळपासून खपत होती. पण अण्णांचं खरं होतं. चाळीस वर्षं तांबटकाम केलेल्या बापाच्या हातोडीचा एकही ठोका त्या मऊ उजेडात दिसत नव्हता.

तिने दिवा उचलून बाजूला नेला आणि खाली, तांब्याच्या उंचीला ठेवला. लगेच एकेक ठोका माशाच्या खवल्यासारखा उठून आला. "आता बघा!" म्हणत तिने नवा फोटो मोठा केला.

गळ्याजवळच्या ठोक्यांच्या ओळी आखल्यासारख्या होत्या. पोटाशी मात्र त्या भरकटल्या होत्या. कुठे ठोक्यावर ठोका पडला होता, कुठे बोटभर जागा कोरीच राहिली होती.

अण्णा स्क्रीनजवळ वाकले. मग मांडीवरचा थरथरता उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली झाकला.

"मघाचाच फोटो राहू दे," ते म्हणाले.